शेजाऱ्याची भाषा शिकलेला राजपुत्र

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही जॉर्डनचे राजपुत्र हसन यांचा ओझरता उल्लेख केलात. राजघराण्यातली माणसं सर्वधर्म परिषदा भरवतात, फोटो निघतात, सगळे घरी जातात. यातून तुमच्या-आमच्या पदरात काय पडतं? आणि या राजपुत्रांची सासुरवाड नागपूरची, असं आमच्या कट्ट्यावर एकजण सांगत होता. खरं का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : पदरात काय पडतं ते आधी सांगते, कारण ते माझ्याच पदरात पडलेलं आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा आम्ही तिथं होतो. ह्यांची नोकरी होती, मुलगी चार वर्षांची. सप्टेंबरात बसनं बगदाद गाठलं आणि तिथून वाळवंट कापत जॉर्डनच्या हद्दीवरच्या रुवैशिदला पोचलो. पुढे तंबू. दिवसा वाळू चटके द्यायची आणि रात्री एवढी थंडी, की एका चादरीत आम्ही तिघं. टँकर आला की लोक डबे घेऊन धावत सुटायचे. तिसऱ्या दिवशी मुलीला ताप भरला. तिला खांद्यावर टाकून मी रांगेत उभी होते, तेव्हा समोरून एक मोठा टोप आला. त्याची एक कडी लाल चंद्रकोरीचा, म्हणजे मुस्लीम देशांतल्या रेड क्रॉसचा, बिल्ला लावलेल्या पोराच्या हातात होती, दुसरी गळ्यात क्रॉस घातलेल्या एका पोक्त बाईच्या. आत मसुरीचं पातळ वरण होतं, जिरं जरा जास्त पडलेलं. त्या बाईनं मुलीच्या कपाळाला हात लावला, अरबीत काहीतरी पुटपुटली आणि आमच्या वाट्याला एक पळी जादा वाढली. ती चव अजून जिभेवर आहे.

जॉर्डनची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास. त्या देशातून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक परके लोक गेले. आपल्याखेरीज त्यांत इजिप्तचे, श्रीलंकेचे, बांगलादेशाचे, फिलिपिन्सचे असे कितीतरी कामगार होते. मदतकार्याची सूत्रं तेव्हाचे युवराज हसन यांच्याकडे होती, आणि जगानं हातभार लावावा म्हणून ते एकसारखी आर्जवं करत होते. तंबूत बसून मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, सगळं नंतर वाचलं. नवव्या दिवशी आम्हाला अम्मानहून मुंबईचं विमान मिळालं. त्या दोन महिन्यांत एअर इंडियानं एक लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आणले.

तेव्हापासून या माणसाचं जिथं काही सापडेल ते मी वाचत आले. जन्म १९४७ चा, राजे हुसेन यांचे धाकटे भाऊ. ऑक्सफर्डला शिकताना त्यांनी अरबीबरोबर हिब्रूचाही अभ्यास केला. हे मला फार मोठं वाटतं. ज्या इस्रायलशी आपल्या देशाचं वैर, ज्यानं १९६७ मध्ये जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेम आणि जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक) घेतला, त्याची भाषा युवराजानं शिकायची! दुसऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत ऐकायची तयारी असल्याशिवाय कोणी एवढा खटाटोप करत नाही. १९९४ मध्ये त्यांनी अम्मानला धर्मांच्या परस्पर अभ्यासासाठी राजाश्रयाची संस्था काढली आणि त्याच वर्षी अरब जगातल्या ख्रिस्ती धर्मावर स्वतः पुस्तक लिहिलं. अरब ख्रिस्ती तिथं काल आलेले पाहुणे नाहीत, इस्लामच्याही आधीपासून ते त्या मातीतले आहेत. प्रेषितांच्या वंशातल्या मुसलमान राजपुत्रानं त्यांच्याबद्दल अभ्यासपूर्वक लिहावं, याचं मोल तिथल्या ख्रिस्ती माणसालाच कळेल. मला तर ते वाचताना टोपाची दुसरी कडी धरलेली ती बाई आठवली.

परिषदांनी युद्धं थांबली नाहीत, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. थांबली असती तर जॉर्डनच्या वाळवंटात पुढेही तंबू पडले नसते. पण हसन केवळ व्यासपीठावर बसून राहिलेले नाहीत. १९७० मध्ये त्यांनी शाही विज्ञान संस्था उभी केली. पाणी आणि स्वच्छतेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचं जे सल्लागार मंडळ होतं, त्याचं अध्यक्षपदही २०१३ पासून त्यांच्याकडे होतं.

आणि एक गोष्ट राहिली. १९६५ पासून जवळजवळ ३४ वर्षं ते युवराज होते. जानेवारी १९९९ मध्ये आजारी भावानं वारसा बदलून आपल्या मुलाला, आजच्या राजे अब्दुल्लांना दिला. पंधरवड्यात हुसेन गेले. अशा वेळी दुसरा कोणी रुसून परदेशात जाऊन बसला असता. हे त्याच वर्षी नोव्हेंबरात अम्मानला भरलेल्या जागतिक सर्वधर्म शांतता परिषदेत पुढाकारानं वावरत होते. एप्रिल २०२१ मध्ये राजघराण्यात वाद पेटला, तेव्हा समेटाची बोलणी करायला राजांनी याच काकांना पुढे केलं.

आता नागपूर. तुमच्या कट्ट्यावरच्या माणसाचं अर्धं खरं आहे. हसन यांच्या पत्नी सर्वत यांचा जन्म कोलकात्याचा, आणि १९६८ मध्ये लग्न लागलं कराचीत. त्यांचे वडील मोहम्मद इक्रामुल्ला फाळणीनंतर पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झाले. इक्रामुल्लांचे सख्खे भाऊ मात्र इकडेच राहिले. ते म्हणजे आपले न्यायमूर्ती हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूरलाच वकिली केली, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, १९४८ मध्ये, त्यांनी जैन घरातल्या पुष्पा शहा यांच्याशी लग्न केलं.

तेव्हा कट्ट्यावर असं सांगा : सासुरवाड कराचीची, चुलत सासरे नागपूरचे.