सबवूफरचा डबा घुमतोय, काय करू?

प्रश्न: घरीच सबवूफरसाठी १८ मिमी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सीलबंद डबा बनवला, १२ इंची वूफर (खोल, जड आवाजाचा स्पीकर) बसवलाय. आवाज वाढवला की डबा थरथरतो आणि कुठूनतरी फुस्स फुस्स हवा येते. सगळीकडे सिलिकॉन मारू का?

उत्तर: थांबा, सिलिकॉन नंतर, आधी थरथर बघू. वाजत असताना प्रत्येक बाजूवर तळहात ठेवा, जी जास्त हलते तिला आधार हवा, बहुतेक वेळा सगळ्यात मोठी फळीच निघते. समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये आडवी पट्टी ठोका पण बरोब्बर मध्यात नको, थोडी बाजूला, नाहीतर दोन्ही अर्धे भाग एकाच सुरात घुमतात. पट्टी खाईल तेवढी आतली जागा कमी होते हे हिशोबात धरा.

आता गळती. वूफर काढा, आतून सगळ्या सांध्यांवर लाकडाच्या ग्लूची जाड रेघ ओढून बोटाने दाबत न्या, कोपऱ्यात खास, कारण हवा तिथूनच पळते. सिलिकॉन वापरलंच तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय वूफर परत लावू नका, त्या वाफेने आतले धातूचे भाग गंजू शकतात. (मी घाई केली होती, असो.) वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी, आणि वायरचं टर्मिनल (बाहेरून वायर जोडायची जागा) विसरू नका, तेही गळतं.

शेवटी अँप (ॲम्प्लिफायर) बंद ठेवून वूफरचा कोन, म्हणजे मधला हलणारा पडदा, हलकेच सरळ आत दाबा आणि सोडा, सावकाश बाहेर आला तर डबा घट्ट, टुणकन आला तर अजून कुठेतरी भोक आहे.