गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर बधिरपणा आणि रात्रीचा ठणका किती दिवस राहतो? काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. मांडीमागचा स्नायुबंध काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलंय. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे. रात्री ठणक्यानं झोप लागत नाही. डॉक्टर ‘होईल बरं’ म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. नस कापली गेली का, आणि दीड महिन्यावर आलेल्या गौरींना पूजेला खाली बसता येईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी डॉक्टर नाही. शाळेत खेळ शिकवते, आधी खो-खो खेळायचे. खांबाला वळसा घालताना पाऊल मातीत रुतलं, अंग पुढे गेलं आणि गुडघा तिथेच फिरला. ऑपरेशन तुमच्यासारखंच, ग्राफ्टही, म्हणजे नव्या लिगामेंटसाठी काढलेला तुकडाही, मांडीमागचाच. नंतर आमच्या मैदानावरच्या काही मुलीही याच रस्त्यानं गेल्या, त्यामुळे हे सगळं एकापेक्षा जास्त गुडघ्यांत जवळून पाहिलंय.

बधिरपणा आणि दुखणं यांची आधी फारकत करा. आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतो आणि मग घाबरतो. बधिरपणा दिसतो भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. दुखण्याकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं, कारण त्यातलं काही सोसायचं असतं आणि काही अजिबात सोसायचं नसतं.

आता नसेचं. हो, एक बारीक नस कापली किंवा ताणली गेली असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि त्याचा अर्थ ऑपरेशन बिघडलं असा नाही. मांडीच्या आतल्या अंगानं सॅफेनस नावाची नस खाली येते. तिची एक फांदी वाटीच्या खालून आडवी होऊन बाहेरच्या बाजूला जाते. ग्राफ्ट काढायला नडगीच्या वरच्या टोकाशी, आतल्या बाजूला जो तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात तो नेमका तिच्या वाटेत येतो. म्हणून टाके आत आणि बधिरपणा बाहेर, असा चमत्कारिक प्रकार होतो. ही फांदी फक्त त्वचेची जाणीव वाहून नेते, एकही स्नायू हलवत नाही. त्यामुळे पायाच्या ताकदीशी किंवा नव्या लिगामेंटच्या मजबुतीशी तिचा काही संबंध नाही. हे ऑपरेशनआधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर निम्म्या पेशंटांची झोप वाचली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. कमरेतल्या किंवा मांडीतल्या इंजेक्शनचा बधिरपणा फार तर एक-दोन दिवसांत उतरतो, तेव्हा तीन आठवड्यांनी उरलाय तो त्याचा नव्हे.

खात्री करायची असेल तर पाय सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढा, अंगठा वर उचला, मग पाऊल खाली दाबा. हे सगळं जमत असेल तर पाय हलवणाऱ्या मोठ्या नसा काम करताहेत. पाऊल वर उचलताच येत नसेल, चालताना पुढचा भाग फरशीला घासत असेल किंवा पावलाची वरची बाजूही बधिर असेल, तर ही वेगळी नस आहे. मग पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आजच फोन करा.

बधिर जागा भरून येते का? बऱ्याच जणांची कडेकडेनं आक्रसत जाते. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि शेजारच्या नसाही थोडी जागा सांभाळून घेतात. त्यामुळे हिशेब आठवड्यांचा नसून महिन्यांचा आहे. वर्ष-दीड वर्ष फरक पडत राहतो. काहींना छोटा ठिपका कायमचा राहतो. माझा रुपयाच्या नाण्याएवढा अजून आहे आणि मुद्दाम हात लावल्याशिवाय त्याची आठवणही होत नाही.

रोज चाचपून पाहिलं की काहीच फरक कळत नाही. त्यापेक्षा असं करा. डोळे मिटून कापसाचा बोळा जाणीव असलेल्या भागाकडून बधिर भागाकडे हलके सरकवत न्या. स्पर्श फिका पडला की तिथे बॉलपेननं ठिपका द्या. चारी बाजूंनी असे ठिपके देऊन ते जोडा आणि मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या महिन्यात पुन्हा. माझ्या फिजिओनं हे करायला लावलं तेव्हा पोरखेळ वाटला होता, पण दुसऱ्या फोटोत वरची रेघ आत सरकलेली दिसली आणि जिवाला बरं वाटलं.

मध्ये एक टप्पा असा येतो की त्या जागेत झिणझिण्या येतात, टिचकी मारली तर नडगीवरून करंट जातो, पँटचं कापडसुद्धा टोचतं. नस परत जुळताना असं होतं. जखम सुकून टाके निघाल्यावर आधी कापूस, मग मऊ फडकं, मग खरखरीत टॉवेल, असं दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं चोळायचं. डोळे उघडे ठेवून, त्या जागेकडे बघत. हलक्या स्पर्शापेक्षा थोडा दाब देऊन चोळलेलं सोसवतं.

बधिर जागेला खरा धोका असतो तो घरातल्या मायेचा. कुणीतरी गरम पाण्याची पिशवी आणून देतं, कुणी कढवलेलं तेल. तुम्हाला चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. बर्फाचंही तसंच, थेट लावला तर कातडी पोळते. दातासाठी इंजेक्शन घेतल्यावर ओठ चावला तरी कळत नाही, तीच गत इथे. शेकायचं असेल तर बधिर भाग सोडून, आणि बर्फ कायम टॉवेलात गुंडाळून. आणि ‘नस बसवून देतो’ म्हणणाऱ्या मालिशवाल्याला दारातूनच नमस्कार करा.

गोळ्यांविषयी एकच. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, बहुतेकांच्या चिठ्ठीवर असतंच. अंगात बी-१२ कमी असेल, आणि शाकाहारी माणसांत ते बरेचदा असतं, तर ती घ्यायलाच हवी. कमी नसेल तर त्या गोळीनं कापलेली नस धावत वाढेल अशी आशा नको.

आता दुखणं. रात्रीचा ठणका बहुतेक सुजेचा असतो. दिवसभर पाय खुर्चीवरून लोंबकळतो, संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म होतो, आणि रात्री मन रमवायला काही नसल्यानं सगळं लक्ष तिथेच जातं. उपाय संध्याकाळीच करायचा. आडवं होऊन पाय छातीच्या वर जाईल इतका उंच ठेवायचा, १५ ते २० मिनिटं टॉवेलातून बर्फ, आणि घोटा वर-खाली हलवत राहायचं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी कळ पार डोक्यात गेल्यावर न घेता, त्यांना विचारून झोपेच्या आणि व्यायामाच्या आधी येईल अशी बसवून घ्या. रिकाम्या पोटी नको. आणि घरातल्या डब्यातली दुसरी गोळी वरून घेऊ नका. वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असतं आणि नकळत दुप्पट जातं.

झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवली की लगेच आराम पडतो. नेमकं तेच करायचं नाही. गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा मोकळा लोंबू द्या. मागची शीर ताणली जाते, पाच मिनिटांत शिव्या घालाव्याशा वाटतात. पण सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा किती वाकतो यापेक्षा तो दुसऱ्या पायाइतका सरळ होतो का, हे जास्त मोलाचं. सरळ न झालेला गुडघा लंगडवतो, वाटीपुढे दुखणं मागे लावतो, आणि कधी आत लिगामेंटच्या पुढे व्रणाची गाठ धरली तर ती दुर्बिणीतून काढायची वेळ येते. सहा आठवडे होत आले तरी तो सरळ होत नसेल तर सर्जनला स्पष्ट विचारा.

अजून एक गोष्ट लोक बधिरपणातच मोजतात: पाय आपला वाटतच नाही, मांडीला सांगितलं तरी ती आवळत नाही. इथे नस गेलेली नसते. गुडघ्यात सूज असली की शरीर मांडीचा पुढचा स्नायू आपणहून बंद ठेवतं. सूज उतरवणं आणि तो स्नायू पुन्हा पुन्हा आवळणं हाच त्यावर इलाज. टॉवेलाची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. त्या वेळी आपलीच दोन बोटं वाटीच्या वर, आतल्या बाजूला ठेवा. आधी तिथे सगळं पिठासारखं मऊ लागतं. मग एखाद्या दिवशी बोटांखाली काहीतरी फुरफुरतं आणि वाटी किंचित मांडीकडे सरकते. गुंडाळी फक्त व्यायामापुरती, नंतर ती काढून टाकायची.

व्यायामात दुखणारच. किती चालेल? माझी फूटपट्टी अशी: व्यायामानंतर तासा-दोन तासांत कळ उतरली आणि सकाळी सूज वाढलेली नसली, तर चालू ठेवा. सकाळी गुडघा जास्त फुगलेला असेल तर त्या दिवशी कमी करा. अंदाजावर जाऊ नका, शिंप्याची टेप वाटीच्या मधोमध गुंडाळून मोजा. मांडीमागे आणि पोटरीपर्यंत काळानिळा डाग उतरला असेल तर तो ग्राफ्ट काढल्याचा, पिवळा पडत जातो. पादत्राण घालायला वाकताना मांडीमागे अचानक ‘टक’ झालं आणि कळ आली तर फिजिओला सांगा. बहुतेकदा ते निवतं, पण काही दिवस तिकडचा व्यायाम सौम्य करावा लागतो.

न सोसण्याचं दुखणं असं: पोटरी टणक होऊन सुजली आणि दाबल्यावर दुखली, ताप आला, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, सूज एका दिवसात एकदम वाढली, गोळी घेऊनही पाय फुटेल असा ताण येत राहिला. यांपैकी काहीही झालं तर लगेच डॉक्टरांना गाठा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात. याखेरीज एक फसवं दुखणं आहे. आग आग होते, पाय कधी लाल-निळा, कधी थंडगार, घाम फुटतो, चादर टेकली तरी ओरडावंसं वाटतं, आणि आठवड्यागणिक वाढत जातं. त्याला ‘सहनशक्ती कमी आहे’ म्हणून झटकू देऊ नका. लवकर ओळखलं तर उपचारांना बरा प्रतिसाद मिळतो.

भेटायला येणारे सांगतील, ‘आमच्या मामांचं गुडघ्याचंच झालं, महिन्यात चालायला लागले.’ मामांचा गुडघा बदललेला असतो, तुमचा बदललेला नाही. मान डोलवा आणि चहा द्या. उलट तुमची पंचाईत पुढे आहे: दीड-दोन महिन्यांनी दुखणं जवळजवळ थांबतं, आणि साधारण त्याच काळात नवं लिगामेंट आतून सर्वांत नाजूक असतं, कारण त्याला रक्तपुरवठा मिळून ते नव्यानं घडत असतं. दुखत नाही म्हणून कुणी स्कूटरला किक मारतं, कुणी बसमागे धावतं. खेळात परतायचं तर नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तेही ताकदीच्या चाचण्या पार करून. ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२मधला, गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारी २०२३मध्ये मुंबईत, आणि तो आयपीएलमध्ये उतरला मार्च २०२४मध्ये. त्याची दुखापत तुमच्यापेक्षा मोठी असेल, पण त्याच्या दिमतीला माणसंही होती.

राहिलं गौरींचं. यंदा मांडी घालून बसायचा हट्ट नको. मांडी घालायला गुडघा खूप वाकावा लागतो आणि वर पीळ बसतो. त्याहून वाईट म्हणजे जमिनीवरून उठताना सगळा भार एका पायावर येतो. सोबत गादीलाही, म्हणजे मेनिस्कसला, टाके घातले असतील तर खोल वाकण्यावर आणखी काही महिने बंदी असते. ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल, बघा. गुडघे टेकणं तर सर्वांत शेवटी जमतं, कारण नेमका व्रण आणि ती बधिर जागा जमिनीला लागते आणि विचित्र कळ येते. मी कित्येक महिन्यांनी घडी घातलेल्या गोधडीवर सुरुवात केली. तेव्हा पूजेचं सामान टेबलावर मांडा, तुम्ही खुर्चीवर बसा, पाय पुढे स्टुलावर सरळ. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आत्ताच आणा. आणि आरतीला उभं राहायचं असेल तर आधी कुणाला तरी फरशीवरचं पाणी आणि फुलं पुसायला सांगा.