हातउसने पैसे, काळवंडलेली जर आणि न वटलेला चेक : वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने झाला आहे : एवढ्याशा रकमेसाठी वकिलाकडे जावे काय? माझे मत असे की हे रकमेवरून ठरवू नये. मुदत संपत आली असेल किंवा समोरचा माणूस एखाद्या कागदावर सही मागत असेल, तर रक्कम दहा हजारांची असली तरी आधी सल्ला घ्यावा. या दोन्हींपैकी काहीच नसेल, तर पुष्कळ काम आपले आपल्याला करता येते. निवडलेली पत्रे इंदूरचीच आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मावसभावाला दुकानात माल भरण्यासाठी मी ८५,००० रुपये हातउसने दिले. त्याने वहीच्या पानावर मराठीत ‘८५,००० रुपये मिळाले, सवडीने परत करीन’ असे लिहून सही केली आहे. पुढच्या महिन्यात या गोष्टीला तीन वर्षे पुरी होतील. मागितले की तो ‘बघू’ म्हणतो. नोटीस पाठवली की मुदत वाढते, असे एका परिचितांनी सांगितले. पोलिसांत तक्रार द्यावी काय? घरात कडवटपणा येऊ नये, अशीही इच्छा आहे. — एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : आपल्या परिचितांनी सांगितलेली गोष्ट चुकीची आहे, आणि या एका गैरसमजापायी किती तरी लोकांचे खरे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. नोटीस पाठवल्याने मुदत एक दिवसही वाढत नाही. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो, आणि परतफेडीची निश्चित तारीख ठरलेली नसेल तर हा काळ पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजला जातो. ‘सवडीने’ या शब्दाचा आधार घेऊन मुदत उशिरा सुरू झाली, असे म्हणण्याच्या भरीस पडू नये. आपल्याजवळ एक महिनाच उरला आहे, असे धरून चालावे.

मुदत खरोखर वाढते ती कर्जदाराच्या लेखी कबुलीने. याच कायद्याच्या कलम १८प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी त्याने देणे मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. कागद साधा चालतो आणि मजकूर दोन ओळींचा पुरतो : ‘अमुक तारखेस घेतलेल्या ८५,००० रुपयांपैकी आज रोजी ८५,००० रुपये देणे बाकी आहे’, खाली तारीख आणि सही. त्याने काही रक्कम परत दिली तरी कलम १९प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते, मात्र ती रक्कम दिल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. आपल्याला नाते राखायचे आहे, म्हणून पहिले पाऊल हेच असावे, असे मला मनापासून वाटते. ‘पैसे आज दे, असे म्हणत नाही, देणे आहे एवढे लिहून दे’ ही विनंती दावा लावण्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे. ती करताना एखादी वडीलधारी व्यक्ती समोर असेल तर आणखी चांगले.

त्याने आठवडाभरात सही केली नाही, तर मात्र नातेवाइकांच्या बैठका बाजूला ठेवून दिवाणी काम पाहणाऱ्या वकिलांकडे जावे. मूळ चिठ्ठी जशी आहे तशी न्यावी. तीवर आता नव्याने तिकीट लावू नये, शब्द गिरवू नये, तारीख घालू नये. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लागते. ते नसेल तर काय करायचे हे वकील पाहतील, पण मागाहून केलेली खाडाखोड कोणालाच सावरता येत नाही. इथल्या जिल्हा न्यायालयाचे काम हिंदीत चालते, त्यामुळे मराठी चिठ्ठीसोबत तिचा हिंदी अनुवाद जोडावा लागेल. पैसे बँकेतून दिले असतील तर त्या महिन्याचा खातेउतारा काढून घ्यावा. व्हॉट्सॲपवर काही बोलणे झाले असेल तर तो फोन विकू नये आणि संदेश पुसू नयेत, कारण छापील प्रतीसोबत २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र द्यावे लागते. मात्र ‘देतो’ एवढ्या संदेशावर विसंबून मुदत जाऊ देऊ नये. सही असलेला कागद तो कागदच.

पोलिसांत जाण्यात अर्थ नाही. घेतलेले पैसे परत न करणे एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच ते बुडवण्याचा हेतू होता, असे दाखवावे लागते. आपल्या पत्रात तसे काहीच नाही. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या इतर वाचकांसाठी लिहितो. मुदत उलटून गेल्यावर नुसती कबुली उपयोगाची नसते, परंतु ‘ही रक्कम मी देईन’ असे स्पष्ट वचन कर्जदाराने लिहून सही केली, तर १८७२च्या करार कायद्याच्या कलम २५प्रमाणे तो नवा करार ठरतो. तेव्हा मुदत गेली म्हणून चिठ्ठी फाडून टाकू नये.

प्रश्न : मुलीच्या लग्नात घेतलेली माझी पैठणी ड्रायक्लीनिंगला दिली होती. परत आली तेव्हा पदराची जर काळी पडलेली आणि काठाजवळ कापड आकसलेले होते. दुकानदार पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवतो : ‘रंग व जरीची जबाबदारी नाही, भरपाई धुलाईच्या पाचपटीपर्यंत.’ साडी ३८,००० रुपयांची, धुलाई ४५० रुपयांची. वकिलांची फी देऊन हाती काय उरणार? — एक भगिनी, सुदामानगर

उत्तर : या कामाला वकील लागत नाही, आणि निदान सुरुवातीला तरी करू नये, असा माझा आग्रह आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते आणि तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे, म्हणजे इथल्या पाटीवरच्या उपभोक्ता आयोगापुढे, आपण स्वतः चालवू शकता. मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी; पुष्कळ दुकानदार तेवढ्यावरच बोलायला तयार होतात.

छापील ओळीने घाबरून जाऊ नये. काउंटरवर हातात दिलेल्या पावतीच्या पाठीमागे एकतर्फी काही छापले म्हणजे ते ग्राहकाने मान्य केले, असे आपोआप ठरत नाही. साडी घेताना ती अट दाखवली होती काय, समजावली होती काय, आपली सही घेतली होती काय, हे आयोग पाहतो. पावतीच्या दर्शनी बाजूवर दुकानदाराने काय लिहिले आहे तेही नीट पाहावे. ‘पैठणी, जरीची’ असे त्याच्याच अक्षरात असेल, तर आपण काय हाताळत आहोत हे त्याला ठाऊक होते, याचा तो पुरावा आहे. ‘डाग आधीचा’, ‘जर जुनी’ अशी टीप त्याने तेव्हा लिहिली नसेल, तर ती उणीव आता तोंडी सांगून त्याला भरून काढणे अवघड जाईल.

आता साडीविषयी. ती पुन्हा कोणाकडूनही धुऊन घेऊ नये, घरी इस्त्री करून पाहू नये. दिवसाच्या उजेडात पदर, काठ आणि दुकानाची चिठ्ठी टाचलेला कोपरा यांचे फोटो काढावेत. लग्नातल्या फोटोंत हाच पदर स्वच्छ दिसत असेल तर ते फोटो फार मोलाचे आहेत. खरेदीचे बिल नसेल तर पैठणी विकणाऱ्या जुन्या दुकानदाराकडून किमतीबद्दल लेखी मत घ्यावे. नंतर दुकानदाराला साध्या भाषेत पत्र लिहून, काय झाले आणि किती भरपाई हवी ते सांगून, पंधरा दिवस द्यावेत. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टात विलीन झालेली आहे. भरपाई मागताना साडी किती वर्षे वापरली हे प्रामाणिकपणे लिहावे. नवीन साडीची पूर्ण किंमत आणि वर मनस्तापाचे लाखभर रुपये मागितले, तर खऱ्या मागणीचेही वजन कमी होते.

वकिलांची गरज पुढे दोन ठिकाणी पडू शकते. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत करावे लागते, आणि निकाल बाजूने लागूनही दुकानदाराने पैसे दिले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. त्या वेळीही पैसे खर्च करण्याआधी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन यावे. १९८७च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

प्रश्न : मुलाच्या मुंजीसाठी देवासच्या एका केटररला ७५,००० रुपये आगाऊ दिले होते. त्याने ऐन वेळी काम नाकारले आणि पैसे परत म्हणून चेक दिला. तो ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ या शेऱ्यासह परत आला. बँकेचा मेमो मिळून १९ दिवस झाले. तो म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात पुन्हा भरा.’ थांबावे काय? — एक वाचक, वैशालीनगर

उत्तर : थांबू नये. हे पत्र वाचत असाल त्याच दिवशी वकील गाठावा. १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८खाली, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. आपल्याजवळ ११ दिवस आहेत. नोटीस मिळाल्यापासून केटररला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मिळू शकते, परंतु नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही.

चेक पुन्हा भरता येतो हे खरे, मात्र चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आतच. ती तारीख आपण कळवलेली नाही, आणि ‘पुढचा महिना’ म्हणणाऱ्याला ती बरोबर ठाऊक असते. नोटिशीत मागणी चेकवरच्या आकड्याचीच हवी. व्याज, मनस्ताप, दुसऱ्या केटररचा वाढीव खर्च हे सारे एकाच आकड्यात मिसळले तर नोटीसच सदोष ठरण्याचा धोका असतो. केटरर देवासचा असला तरी आपण ज्या शाखेत चेक भरला तिथे आपले खाते असल्याने तक्रार इंदूरलाच चालेल. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोटीस गेल्यावर पुष्कळ प्रकरणे मिटतात, म्हणूनच ती बिनचूक असावी. इथे वकिलांची फी वाचवू नये.

प्रश्न : माझ्या जुन्या क्रेडिट कार्डाच्या १८,४०० रुपयांच्या बाकीसाठी लोक अदालतीची नोटीस आली आहे. बाकी मला मान्य नाही. गेलो नाही तर अटक होईल काय? — एक निवृत्त शिक्षक, रामबाग

उत्तर : अटक होणार नाही. राष्ट्रीय लोक अदालतीत दोन्ही पक्षांची संमती असेल तरच निवाडा होतो. आपण तडजोड नाकारलीत तर बँकेला नेहमीच्या न्यायालयाचा मार्ग उरतो, इतकेच. तरी मी म्हणेन, जावे. कार्डाची जुनी स्टेटमेंट घेऊन जावे आणि नेमका कोणता आकडा अमान्य आहे ते सांगावे. सही करण्यापूर्वी मात्र मजकूर दोनदा वाचावा, कारण विधिक सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१प्रमाणे लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. कमी रकमेत मिटवल्यास क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे कर्ज घेताना ती आडवी येते, हेही लक्षात घ्यावे. नोटिशीचा मथळा नीट पाहावा : वीज, टेलिफोन, विमा अशा लोकोपयोगी सेवांसाठी असलेल्या स्थायी लोक अदालतीला तडजोड न झाल्यास स्वतः निर्णय देण्याचा अधिकार आहे, तेव्हा त्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नये.

प्रश्न : शिक्षणासाठी इथे राहिलेल्या माझ्या भाच्याने खोली सोडली. घरमालक १८,००० रुपयांच्या अनामतीतून रंगकामाचे १०,००० कापून उरलेले ८,००० देण्यास तयार आहेत, पण ‘हिशेब पूर्ण’ असे लिहून मागतात. — एक वाचक, नारायणबाग

उत्तर : तसे लिहून देऊ नये. ८,००० रुपये घ्यावेत आणि पावतीवर ‘उरलेल्या १०,००० रुपयांचा हक्क राखून’ असे लिहून सही करावी. त्यांना ते मान्य नसेल तर पैसे तूर्त घेऊ नयेत. केवळ खोलीच्या भाड्याचा वाद सहसा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, म्हणून भाडेकरार, अनामत दिल्याचा पुरावा आणि खोली सोडतानाचे भिंतींचे फोटो जोडून जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटासाठी साधा अर्ज करावा. त्यासाठी शुल्क नाही. प्राधिकरण घरमालकांना बोलावून घेते. हा मार्ग चालू असतानाही दाव्याची तीन वर्षांची मुदत चालूच राहते, म्हणून खोली सोडल्याची तारीख भाच्याने लेखी नोंदवून ठेवावी आणि किल्ली परत दिल्याचा एक संदेश घरमालकांना आजच पाठवावा.