केळीचे पैसे, पोरीची फी

प्रश्न: राम राम ताई. यावल तालुक्यात आमची सहा एकर केळी आहे, बायको झेडपी शाळेत शिक्षिका. मुलगी दोन महिन्यांनी दहा पूर्ण करेल, मुलगा तेरा वर्षांचा. बायकोचं पीपीएफ (पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं) २०१६ पासून चालू आहे. एक एजंट मुलांच्या शिक्षणाचा विमा प्लॅन घ्या म्हणून मागे लागलाय, आबा म्हणतात मी नातीच्या नावावर सुकन्या (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) काढतो, पण ते पैसे तर लग्नासाठीच असतात ना? काय करावं?

उत्तर: राम राम भाऊ. आधी पोस्टात जा, बाकीचं नंतर वाचा. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आतच निघतं. माझ्या मावसबहिणीचं केळीची कटाई आटपू द्या, मग बघू, असं चाललं होतं आणि जन्मदाखला घेऊन काउंटरवर पोचली तेव्हा पोरीला दहा वर्षं अकरा दिवस झाले होते, संपलं. आणि खातं आबांना नाही काढता येणार, आई, वडील किंवा कायदेशीर पालकच लागतो. आबांना द्यायचेच असतील तर पैसे तुमच्या हातात देऊ देत की.

लग्नाचं म्हणाल तर तसं नाहीये. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी पैसे निघतात. पण एक गोम आहे जी एजंट काय, शेजारीपण सांगत नाहीत. मागच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या फक्त निम्मे निघतात, तेही प्रवेशाचे नाहीतर फीचे कागद दाखवून, फी असेल तेवढेच. खातं पिकतं २१ वर्षांनी, म्हणजे तुमची पोरगी तिशी गाठेल तेव्हा! हिशोब बघा, जानेवारी २०२४ ला व्याज ८.२ टक्के झालं, तेच धरलं आणि दरवर्षी ६० हजार टाकले तर आठ वर्षांत साधारण ६ लाख ९५ हजार, कॉलेजला हाताशी येणार साडेतीन लाखांच्या आतच. म्हणून सगळं सुकन्येत कोंबू नका. मुलाच्या फीला बायकोचं जुनं पीपीएफ आहे, सातव्या आर्थिक वर्षापासून त्यातून थोडे थोडे काढता येतात, आणि २०३२ च्या आसपास ते पिकेलच.

आता टॅक्स. शेतीच्या उत्पन्नावर तुम्हाला इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे वजावट तुमच्या काही कामाची नाही. पालक म्हणून बायकोचं नाव लावा. ती जुन्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीत) असेल तर दीड लाखापर्यंतच्या वजावटीत हे बसतं, नव्या रिजीममध्ये वजावट नाही. पण व्याज आणि शेवटची रक्कम दोन्हीकडे टॅक्स फ्री, आणि माझ्या मते खरी कमाई तीच आहे.

नवतीची, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीची, कटाई झाली की पैसा एकदम येतो आणि तसाच एकदम जातो, ड्रिप, खत, कोणाचं तरी देणं. व्यापाऱ्याचे पैसे आले की त्याच आठवड्यात टाका, आणि जमलं तर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, कारण व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. एखाद्या वर्षी भाव पडला तर निदान २५० रुपये तरी टाका, नाहीतर खातं बंद पडतं आणि चालू करताना वर्षाला ५० रुपये दंड.

एजंटला सांगा, टर्म विमा (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) घेऊ, तोही तुमच्या नावावर, पोरांच्या नाही. आणि जन्मदाखला, आधार दोन्हींवर पोरीचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघून ठेवा.