बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शेरा मारतील का?

वसईकडच्या एक कॅथलिक बाई प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन सल्ल्यासाठी आल्या होत्या. मुलगा चौतिशीचा. पाच वर्षं ज्याच्यासोबत राहतोय तो नुसता मित्र नाही, जोडीदार आहे, हे त्याने नाताळात घरी सांगितलं. बाईंचा पहिलाच प्रश्न : "फादर यावर काही लिहितील का हो?"

नाही. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न, गुरुदीक्षा (फादर होणं), संन्यासव्रत अशा गोष्टी चढतात. कोणाला कोण आवडतं याला तिथे रकानाच नाही. हे ऐकल्यावर त्यांनी फोल्डर मांडीवरून खाली ठेवलं.

दुसरी भीती कोर्टाची होती. उद्या सरकारने समलिंगी लग्नांना परवानगी दिली तर फादरना अशी लग्नं लावावी लागतील? इथे दोन कायद्यांची गल्लत होते. चर्चमधलं लग्न 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतं. सर्वोच्च न्यायालयातला वाद मुख्यतः 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या लग्नाचा होता. 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीही मान्यता नाकारली. इंग्लंडने 2013 मध्ये असा कायदा केला, तेव्हाही कुठल्या चर्चवर सक्ती ठेवली नाही.

कॅथलिक चर्चची भूमिका बाईंना निम्मीच माहीत होती. समलिंगी संबंध चर्चला मान्य नाहीत आणि लग्न स्त्री-पुरुषाचंच, हे खरं. पण चर्चच्याच धर्मशिक्षण ग्रंथात अशा माणसांना आदराने वागवा, अन्यायाने भेदभाव करू नका, असंही लिहिलं आहे. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी अशा लग्नाला नकार दिला आणि त्याच वेळी या माणसांना गुन्हेगार ठरवायलाही विरोध केला. 18 डिसेंबर 2023 ला व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली. मात्र तो लग्नासारखा दिसता कामा नये. सगळ्या चर्चेसचं एकमत आहे असंही नाही. अमेरिकेतलं, कॅथलिक नसलेलं एपिस्कोपल चर्च 2015 पासून अशी लग्नं लावतं.

मुलाच्या वडिलांना त्याला 'बरं करणाऱ्या' डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिथे स्पष्टच सांगावं लागलं : हा आजार नाही, आणि असे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले आहेत.

खरी अडचण कागदांची होती, आणि तिचा विचार घरात कोणीच केला नव्हता. आईवडील वेदीकडे बघत बसतात आणि घात होतो तो बँकेत नाहीतर वारसा हक्कात. अविवाहित, मूल नसलेला ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर 1925 च्या वारसा कायद्याने वडील हयात असताना सगळं वडिलांना जातं. आईलाही काही नाही, जोडीदाराचा तर प्रश्नच नाही. संयुक्त खातं आणि जोडीदाराचं नॉमिनेशन याला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, हक्क वारसाचाच राहतो. म्हणून मृत्युपत्र हवंच. नंतर घरच्यांच्या दबावाखाली मुलाने कुठे लग्न केलं, तर आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हेही त्याला सांगून ठेवलं.

पुढच्या भेटीला फोल्डरमध्ये दाखल्यामागे मृत्युपत्राचा मसुदा होता. फ्लॅट जोडीदाराच्या नावे, आणि खाली दोन साक्षीदारांत एक तोच जोडीदार! ही चूक नेहमीची. ज्याला मिळकत द्यायची तोच साक्षीदार झाला, तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेलं रद्द होतं. ते नाव खोडायला लावलं.

"मग तिथे मी सही केली तर?" बाईंनी विचारलं. मसुद्यात त्यांच्या किंवा त्यांच्या नवऱ्याच्या नावे काहीच नव्हतं, त्यामुळे चालणार होतं.