वाचकांचे प्रश्न : टोंगारिरोचे ज्वालामुखी पायी पाहताना

प्रश्न : येत्या जानेवारीत आम्ही दोघे मुलीकडे ऑकलंडला जाणार आहोत. पंचावन्नी उलटली असली तरी गड-किल्ल्यांवर आमचे जाणे अजून सुरू आहे. न्यूझीलंडच्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात ज्वालामुखींच्या मधून जाणारी एका दिवसाची वाट आहे, असे समजले. ती आम्हांला झेपेल का? न्गाउरुहोए शिखरावर जाता येईल का? आणि जागृत ज्वालामुखीची भीती कितपत बाळगावी? सोबत सात वर्षांची नातही असेल.

उत्तर : गडांची सवय असेल तर वाट झेपेल; मात्र तिच्यासाठी एकच दिवस राखून ठेवू नये, दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही वाट सुमारे २० किलोमीटरची असून तिला सात-आठ तास लागतात. मांगातेपोपोच्या बाजूने सुरुवात केल्यास साधारण ११२० मीटरवरून चढत रेड क्रेटर या विवराजवळ १८८६ मीटर उंचीवर पोहोचायचे आणि पलीकडे केतेताहीकडे सुमारे ७६० मीटरपर्यंत उतरायचे, असा तिचा क्रम आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर जायचे; पण दमवतो तो चढापेक्षा उतार. रेड क्रेटरवरून खाली येताना पायाखालची ज्वालामुखीय खडी सारखी घसरते, आणि त्यानंतरही गुडघ्यांना बराच वेळ उतरावेच लागते. काठ्या अवश्य न्याव्यात.

जानेवारी हा तिथला उन्हाळा असला, तरी या उघड्या माथ्यांवर वारा आणि धुके तासाभरात दिवसाचे रूप पालटून टाकतात. लोकरीचे कपडे, वारा-पाऊस अडवणारे जाकीट आणि टोपी निरभ्र सकाळीही पाठीवर असू द्यावीत. पिण्याचे पाणी वाटेत मिळत नाही, ते पुरेसे सोबत न्यावे. मांगातेपोपोच्या वाहनतळावर मोसमात चार तासांहून अधिक वेळ गाडी ठेवता येत नसल्याने बसची जागा आधी राखून ठेवावी. गाडी शेवटच्या टोकाकडे लावून सकाळी बसने आरंभाकडे जाण्याची सोय मिळाली तर तीच घ्यावी, कारण मग परतीची बस चुकेल या धास्तीने उतारावर घाई होत नाही. ऑकलंडहून मोटारीने साडेचार तासांच्या आसपास लागतात, म्हणून आदल्या रात्री नॅशनल पार्क गावात किंवा फाकापापा येथे मुक्काम करावा.

शिखराबद्दल मात्र आपल्याला निराश करतो. न्गाउरुहोए (२२८७ मीटर) चढण्यास कायद्याने बंदी नाही. पण ही शिखरे तिथल्या मूळच्या माओरी लोकांसाठी पूर्वजांइतकी पूज्य असल्याने माथ्यावर जाऊ नये, अशी स्थानिक जमातीची आणि उद्यान सांभाळणाऱ्या संवर्धन खात्याची विनंती आहे. १८८७ साली न्गाती तूफारेतोआ जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी ही शिखरे राणीच्या सरकारकडे सोपवली, त्यातून हे न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. १९९० मध्ये निसर्गासाठी जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या या उद्यानाला १९९३ मध्ये सांस्कृतिक महत्त्वासाठीही तो मान मिळाला. देणाऱ्यांचा शब्द पाळणे हे पाहुण्याला अवघड नसावे. वाटेवर लागणाऱ्या पाचूच्या रंगाच्या तळ्यांनाही हाच नियम लागू आहे : त्यांच्या पाण्यात हात-पाय बुडवू नयेत, काठावर बसून शिदोरी सोडू नये. तो हिरवा रंग भोवतालच्या खडकांतून झिरपलेल्या खनिजांचा आहे आणि तो रेड क्रेटरवरूनच उत्तम दिसतो.

भीतीपेक्षा माहिती कामाची. ६ ऑगस्ट २०१२ रोजी टोंगारिरो डोंगराच्या ‘ते मारी’ नावाच्या विवरातून स्फोट झाला आणि उडालेल्या दगडांनी केतेताहीच्या निवाऱ्याचे नुकसान केले. वाट काही काळ बंद होती. रुआपेहू (२७९७ मीटर) हा सर्वांत उंच डोंगर १९९५-९६ मध्ये पेटला होता. १९५३ च्या नाताळच्या आदल्या रात्री तर त्याच्या माथ्यावरच्या तळ्याचा बांध फुटून आलेल्या चिखल-पाण्याच्या लोंढ्याने तांगीवाई येथील रेल्वे पूल मोडला आणि १५१ माणसे दगावली, तेव्हा डोंगरावर उद्रेक मुळीच झालेला नव्हता. आज ज्वालामुखींवर नजर ठेवणारी जिओनेट ही यंत्रणा शून्य ते पाच अशी इशारापातळी जाहीर करते. निघण्याच्या दिवशी ती आणि हवामानाचा अंदाज दोन्ही पाहावेत, आणि वारा जोराचा असेल तर साउथ क्रेटर या विवराकडच्या चढाआधीच मागे फिरावे.

नातीला या वाटेवर नेऊ नये. तिच्यासाठी फाकापापा गावापासून तारानाकी धबधब्याचा फेरा योग्य आहे : सुमारे सहा किलोमीटर, दोन तास, आणि लाव्हाच्या जुन्या थराच्या कड्यावरून वीस मीटर कोसळणारे पाणी. आकाश स्वच्छ असेल तर वाटेत रुआपेहू व न्गाउरुहोए दोन्ही दिसतात. माझ्या मते, पहिला दिवस तिघांनी मिळून येथेच घालवावा.

एक व्यावहारिक सूचना : ट्रेकिंगचे बूट नेणार असाल तर निघण्यापूर्वी तळव्यांची माती पूर्ण धुऊन काढा आणि विमानतळावरच्या प्रवेश-घोषणेत वापरलेल्या बुटांची नोंद करा. जैवसुरक्षेचे नियम तेथे कडक आहेत. नोंद न केलेली धोक्याची वस्तू सापडल्यास जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.