बँक कोर्टाचा कागद मागत असेल तर

ताई, तुमचा दिव्यांग मुलगा २९ चा, तुम्ही सत्तरीला टेकलात आणि बँक म्हणतेय तो सज्ञान आहे, कोर्टातून पालकत्व आणा. आमच्या मुलीच्या वेळी शब्द न् शब्द हेच ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) वगैरे झालेलं असेलच, त्यात जात नाही.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समितीच पालकत्वाचं सर्टिफिकेट देते, कलेक्टर तिचे अध्यक्ष असतात. आमच्याकडे ते होतं हो! तरी शाखेतल्या साहेबांनी ते धड वाचलंही नाही, लीगलला पाठवतो म्हणाले, आणि मुलीच्या नावची एफडी मुदत संपून तशीच अडकून पडली, तिची औषधं आम्ही पेन्शनमधून भागवत राहिलो. त्यात तिच्या तोंडावर विचारलं, "हिला काही कळतं का?" तिला कळतं. घरी येऊन ती जेवली नाही.

रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय की या समितीचं सर्टिफिकेट चालतं. त्या परिपत्रकाची प्रिंट अर्जाला जोडा, पोच घ्या, नकार असेल तर लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की सूर बदलतो, निदान आमच्याकडे बदलला. बँकेकडे तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. मी वकील नाही, आणि फक्त मानसिक आजार असेल तर हा कायदा लागत नाही, तेवढं तपासा.

आणखी एक, पटेल न पटेल. मुलाची धाकटी बहीण त्याला बघेलच असं गृहीत धरू नका, तिला समोर बसवून विचारा. पालक झालं की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, हे तिला आधी दाखवा, मग हो म्हणू दे. नाही म्हणाली तरी रागावू नका, तिचाही संसार आहे.

तुमच्या घरात कोणी केंद्र सरकारी पेन्शनर असेल तर मुलाचं नाव हयातीतच पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) घालून घ्या, नंतर त्याच्यासाठी कागद घेऊन फिरणारं कोणी असेल याची खात्री नसते. बँकेला दिलेल्या अर्जाचा मसुदा ठेवलाय, हवा असेल तर सांगा.